अण्णांच्या कानाला आराम

"अण्णा, मान हलवू नका!" वृषाली नेहमीसारखी ओरडली.

रामलिंगअण्णांनी मान हलवलीच. "शिकंजा हाय नुसता. डोकं हाय माझं, नारळ न्हवं."

"नारळाला कान कुठं असतात, आजोबा?" चार्वी म्हणाली. ते अण्णांना ऐकू गेलं नाही. नातीचे ओठ हलताना दिसले म्हणून ते तिच्याकडे बघून हसले, एवढंच.

इचलकरंजीतल्या हावळांच्या शेडमध्ये पूर्वी यंत्रमाग चालत. अण्णा तिथले जॉबर होते. माग अडला, धोटा वाकडा धावायला लागला की त्यांना हाक जायची. आता माग गेले होते आणि त्या शेडमध्ये त्यांची मुलगी वृषाली हेडफोनचं काम करायची. हेडफोन ती बनवत नसे. ती ते माणसाच्या डोक्याला आणि कानाला बसवून द्यायची. भारीतला हेडफोन घेणारा माणूस आधी त्याच्या आवाजावर भाळतो. महिनाभरानं त्याचे कान दुखायला लागतात, टाळूवर वळ उठतो, आणि मग कोणीतरी त्याला इचलकरंजीचा पत्ता देतं.

काम दिसायला साधं होतं. हेडफोनच्या वाटीभोवतीची गादी कानाभोवती सगळीकडून टेकली पाहिजे. कुठे फट राहिली तर खर्जाचे आवाज तिथून निसटतात आणि तबला डब्यासारखा वाजतो. चष्म्याच्या काडीनं अशी फट हमखास पडते, म्हणून वृषाली गादीत काडीपुरती खाच ठेवायची. गादीवरचं सुती कापड ती स्वतः विरळ विणून घ्यायची, म्हणजे घाम धरत नाही. डोक्यावरचा पट्टा फार आवळत असेल तर तो चार दिवस चार्वीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवायची. चार्वीची त्याला हरकत नसे, कारण तेवढे दिवस अभ्यासाला सुट्टी.

गाद्या झाल्या की ॲम्प्लिफायर. बारीक विद्युतलहर घ्यायची आणि तिचा आकार न बिघडवता ती दणकट करायची, हे त्याचं काम. फोटो मोठा करताना नाक लांब होऊन चालत नाही, तसंच हे.

अण्णांसाठी तिनं जो संच जुळवला होता, त्यातला ॲम्प्लिफायर मात्र नव्या तऱ्हेचा होता. तो समजायचा तर आधी अण्णांचा कान समजून घ्यायला हवा.

आपल्या कानाच्या अगदी आत गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी रांगेनं उभ्या असतात. दाराजवळच्या पेशी चिरके आवाज टिपतात, आतल्या पेशी जाड आवाज. मागाचा खडखडाट दारातून आत शिरतो आणि दाराजवळच्या रांगांना सगळ्यात जास्त तुडवतो. चाळीस वर्षं तो खडखडाट ऐकलेल्या कानात या रांगा वाऱ्यानं लोळवलेल्या जोंधळ्यासारख्या आडव्या झालेल्या असतात. मग कोणी बोललं की बोलतंय एवढं कळतं. स, श, त, ख ही बारीक अक्षरं गळून पडतात आणि काय बोललं ते कळत नाही. त्यातून अशा कानाची आणखी एक खोड असते. हळू बोललेलं त्याला पोचत नाही, आणि जरा आवाज चढवला की तो टोचतो. म्हणून "मोठ्यानं बोल की" आणि "ओरडतीस कशाला?" ही दोन्ही वाक्यं अण्णा एका दमात बोलायचे, आणि दोन्ही खरी असायची.

अण्णांनी आधी कानातली छोटी यंत्रं वापरून पाहिली होती. ती शिट्ट्या मारायची. एक तर त्यांनी चहात बुडवलं होतं, चुकून की मुद्दाम ते कधी कळलं नाही.

नवा ॲम्प्लिफायर बेंगळुरूच्या एका कंपनीचा होता, खिशात मावणारा. त्याला दोन गोष्टी येत होत्या.

पहिली अशी. जिवंत असलेल्या केसपेशी आवाज ऐकतात, आणि ऐकल्यावर अगदी पुसटसा आवाज करतातही. हे फार पूर्वीच माहीत झालं होतं. हेडफोनच्या वाटीत बसवलेला माइक तो पुसटसा आवाज पकडायचा. त्यामुळे कोणत्या रांगा उभ्या आहेत आणि कोणत्या झोपल्या आहेत हे ॲम्पला न विचारता कळायचं आणि तो त्या त्या ठिकाणी हवी तेवढीच भर घालायचा.

दुसरी गोष्ट नवी होती. आपल्या शरीरातला सर्वांत लहान स्नायू कानात आहे. घोड्याच्या रिकिबीसारखं दिसणारं एक इवलंसं हाड तो धरून असतो. मोठा आवाज आला की तो आवळतो आणि हाडाला मागे ओढतो, म्हणजे आतल्या नाजूक पेशींना धक्का कमी बसतो. त्याचा एक भाऊही आहे, तो पडद्याला ताणतो. भावाची ओळख करून घ्यायची असेल तर आत्ता शांत बसा आणि डोळे अगदी घट्ट मिटा. काही जणांना कानात दूरवर गाडी जात असल्यासारखी गुरगुर ऐकू येईल. तो तोच, कामाला लागलेला. आणि हे दोघं भाऊ नुसते आवाज आल्यावरच नाही, तर तो येणार असं वाटलं तरी आवळतात. फटाक्याची वात पेटवणाऱ्याकडे नुसतं बघून आपण डोळे बारीक करतो ना, तसंच.

हे स्नायू आवळले की कानाचा पडदा ताठ होतो आणि त्यावर सोडलेला बारीक सूर थोडा जास्त परत येतो. ॲम्प तो मोजायचा. म्हणजे कोणता आवाज या कानाला नको आहे, हे कानाच्या मालकाला कळायच्या आधी ॲम्पला कळायचं. मग तो त्या आवाजाचे कोपरे घासायचा, थोडा दाबायचा, पुन्हा मोजायचा. स्नायू सैल पडेपर्यंत. या सोयीला कंपनीनं 'आराम' असं नाव दिलं होतं.

वृषालीनं पट्टा सैल केला, चष्म्याची काडी खाचेत बसवली आणि बटण दाबलं.

"आजोबा, ऐकू येतंय?" चार्वीनं विचारलं.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. कोणी बोललं तर दुसरं माणूस आलं असणार अशी त्यांची समजूत झाली असावी.

"परत बोल."

"काय बोलू?"

"अगं, किती बारीक आवाज हाय तुझा!" अण्णा म्हणाले. "मी आपलं समजत होतो, आईवर गेलीय."

वृषाली तोंड फिरवून गाद्यांची कात्रणं गोळा करायला लागली.

पुढचे काही आठवडे घरात सण असल्यासारखे गेले. अण्णा सकाळी बाहेर पडायचे ते दुपारीच परतायचे. भाजीवालीशी त्यांनी मेथीच्या जुडीवरून खरंखुरं भांडण केलं आणि खूश होऊन परत आले. बरोबरचे जुने कामगार चौकात बसायचे, त्यांच्यात जाऊन हे मधोमध बसले. "अरे, ह्यो शंकर निम्मं खोटं बोलतोय," त्यांनी घरी येऊन सांगितलं. "इतकी वर्षं मला ऐकू येत न्हवतं म्हणून त्याचं फावलं!" संध्याकाळी चार्वी त्यांना शाळेतल्या गोष्टी सांगायची. हेडफोन ते झोपतानाच काढायचे. ॲम्प रोज थोडा थोडा त्यांचा कान शिकत होता, आणि अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या जाऊन तिथं नुसत्या रेघा उरल्या होत्या.

वृषालीला वाटलं, आपण आयुष्यात एक काम चोख केलं.

मग तिच्या हळूहळू लक्षात यायला लागलं. ती म्हणाली, "अण्णा, चहा ठेवलाय," तर ते खिडकीबाहेर बघत राहिले. लगेच चार्वी म्हणाली, "आजोबा, चहा," आणि ते उठले. असं एकदा झालं, दहादा झालं. "डाव्या बाजूचा बाहेरचं टिपणारा माइक गेला असेल," असं म्हणून तिनं माइक बदलला. वायर बदलली. गादीची शिवण उसवून पुन्हा घातली. भाजीवालीचा आवाज पोचतच होता. शंकरची थापही पोचत होती.

याच सुमाराला पुण्याहून केसकरकाकांचा फोन आला. ते हार्मोनियम वाजवायचे आणि तोच ॲम्प वृषालीनं त्यांनाही जुळवून दिला होता.

"तुझे आभार मानायला फोन केला हो," काका म्हणाले. "पेटी इतकी गोड मी जन्मात ऐकली नव्हती. आणि आमची हीसुद्धा हल्ली फार मऊ बोलते."

मागून काकूंचा आवाज आला. "मऊबिऊ काही बोलत नाही मी! सकाळपासून सांगतेय, नळ टपकतोय, नळ टपकतोय. यांना ऐकूच जात नाही. विचार तिला, ते कानाचं यंत्र बिघडलंय का म्हणून!"

"पाहिलंस? किती शांत झाली आहे," काका कौतुकानं म्हणाले.

वृषाली हसली, आणि फोन ठेवता ठेवता थांबली.

तिच्या टेबलावर मापासाठी एक रबरी डोकं होतं. त्याच्या कानांत माइक होते. हेडफोन त्याला घातला की त्या कानांना काय ऐकू येतं ते समोरच्या स्पीकरवर ऐकता यायचं. अण्णा दुपारी झोपले होते. तिनं त्यांचा संच आणून रबरी डोक्याला घातला आणि चार्वीला बोलावलं.

"भूगोलाचं पुस्तक आण. वाच कुठलंही."

"सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी पडतो," चार्वीनं वाचलं. स्पीकरमधून ते स्वच्छ आलं. 'स' आणि 'श' असे उजळले होते की टाचणीनं टोचून उचलावेत.

मग वृषालीनं तेच वाक्य वाचलं. स्पीकरमधून काहीतरी आलं. पलीकडच्या गल्लीत कोणी गोधडीत तोंड घालून बोलावं तसं.

"आई, तू गेलीस कुठं?" चार्वी म्हणाली.

"मी फार मोठ्यानं बोलते म्हणून असेल," वृषाली म्हणाली. तिनं आवाज उतरवून वाचलं. तसंच. चार्वी तान्ही असताना तिला झोपवायला जो आवाज काढायची, त्या आवाजात वाचलं. तसंच.

चार्वीला गंमत वाटली. तिनं कमरेवर हात ठेवून आईची हुबेहूब नक्कल केली. "अण्णाऽ! गोळी घेतलीत काऽ?"

ती स्पीकरमधून खणखणीत आली.

चार्वी हसत होती. आईकडे पाहिल्यावर थांबली. म्हणजे प्रश्न मोठ्या किंवा लहान आवाजाचा नव्हताच. तो वृषालीच्या आवाजाचा होता. तिनं तोंड उघडलं की अण्णांच्या कानातला तो इवलासा स्नायू आवळत होता, प्रत्येक वेळी, आणि ॲम्प इमानानं त्याची सुटका करत होता; आता तर ते त्याला इतकं पाठ झालं होतं की स्नायू नसलेल्या रबरी डोक्यावरही तो तेच करत होता. बिघडलं काहीच नव्हतं.

अण्णा उठल्यावर त्यांना हे सांगायचं कसं, हाही पेचच होता. शेवटी चार्वी पुढे झाली.

"आजोबा, तुमच्या मशीननं आईचा आवाज खाल्लाय."

"बरं केलं की!" अण्णा मोठ्यानं हसले. "तेवढीच शांतता." मग त्यांनी वृषालीचा चेहरा पाहिला आणि हसू आवरतं घेतलं. "काय झालं गं? नीट सांग."

वृषाली त्यांच्यासमोर बसली आणि बोलली. काही त्यांनी ऐकलं, बरंचसं तिच्या ओठांवरून घेतलं. मागावर काम केलेल्या माणसाला ते येतंच. शेडमध्ये कोणाचा आवाज कोणाला पोचत नसे. कामगार ओठांनी आणि बोटांनी बोलत. चहा, तुटलेला धागा, मुकादम आला, अमक्याच्या बायकोला मुलगा झाला, सगळं बोटांवर. वृषालीच्या आईलाही ते यायचं. ती आणि अण्णा सबंध जेवण एक अक्षर न बोलता गप्पा मारत जेवायचे.

"मला ते शिकवलं नाहीत तुम्ही," वृषाली म्हणाली.

"मुद्दाम न्हाई शिकवलं," अण्णा म्हणाले. "मला वाटायचं, पोरगीला खुणा आल्या की ती मागावरच राहणार. शाळा शिकायची तर हे नकोच. तुझी आई भांडली माझ्याशी त्यावरनं." त्यांनी शेडकडे बोट दाखवलं. "मग तू शेडच्या दारात यायचीस आणि खुणा येत न्हवत्या म्हणून बोंब मारायचीस. अण्णा, मालक आलेत. अण्णा, आईला ताप आलाय. अण्णा, लवकर चला. तुझा आवाज आला की मी दचकायचो, पोरी. काय झालं असंल, असं. अजून दचकतो. तू चहा म्हणालीस तरी दचकतो."

वृषालीनं खाली पाहिलं. "मग आराम बंद करूया का? बाकी सगळं ऐकू येईल तसंच येईल. फक्त माझा आवाज..." तिनं ॲम्पकडे बोट दाखवलं. "सुरुवातीला टोचेल. पण कान जसा शिकतो तसा विसरतोसुद्धा. रोज थोडं ऐकलंत, आणि त्यातून वाईट काही निघालं नाही, तर सैल पडेल तो."

अण्णांनी खिशातला ॲम्प हातानं झाकला. "नको. इतक्या वर्षांनी डोक्यात जरा शांत झालंय. राहू दे की. तुझं काय असंल ते चार्वी सांगतीय की मला."

वृषाली उठून शेडमध्ये गेली.

त्यानंतर घर सुरळीत चाललं. चार्वी निरोप्या झाली. जेवायला चला, दार लावा, गोळी घ्या, सगळं बारीक गोड आवाजात व्हायला लागलं. वृषालीनं अण्णांशी बोलायचं हळूहळू सोडूनच दिलं. कोणाचा आवाज चढत नव्हता. पाहुण्यांना वाटावं, काय समजूतदार माणसं आहेत. चार्वीला मात्र ते आवडत नव्हतं. "मला सारखं सारखं सांगायला लावू नका," ती एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, आणि दोघांनाही एकदमच म्हणाली.

एका सकाळी अण्णा चौकात निघाले होते. शेडच्या दारावरून जाताना त्यांना वृषाली दिसली. तिच्या हातात गादी होती, खांद्याला फोन टेकवलेला होता आणि ती काहीतरी सांगत होती. सांगता सांगता हसत होती, हात नाचवत होती. मधेच गंभीर झाली. मग पुन्हा असं काही बोलली की स्वतःच टेबलावर वाकून हसली. ती पाठमोरी झाली, ओठ दिसेनासे झाले आणि अण्णांना फक्त दूरची गुणगुण येत राहिली.

चार्वी पायरीवर बुटाची नाडी बांधत होती.

"काय बोलतीय गं ती?" अण्णांनी विचारलं.

"केसकरकाकूंशी बोलतेय. त्यांच्या नळाचं."

"नळात हसण्यासारखं काय हाय?"

"अहो, आई असंच बोलते सगळ्यांशी," चार्वी म्हणाली. "भारी बोलते ती. तुम्हाला माहीत नाही?"

अण्णा दारात उभे राहिले. चौकात शंकर वाट बघत होता. ते गेले नाहीत. वृषालीचा फोन संपेपर्यंत ते तिथंच उभे होते. तिनं फोन ठेवला तेव्हा ते आत गेले, तिच्यासमोरचं स्टूल ओढून बसले, खिशातून ॲम्प काढला आणि टेबलावर ठेवला.

"बंद कर तो आराम."

चार्वी नाडी सोडून धावत आली होती. वृषालीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ॲम्पच्या इवल्याशा पडद्यावर बोट टेकवलं.

"अण्णा, आता..."

अण्णांचे खांदे कानापर्यंत गेले. "अगं हळू, हळू! मी काय बहिरा हाय?"

चार्वी हसत सुटली. वृषालीही हसली आणि तिच्या हसण्यानं अण्णांनी पुन्हा डोळे मिटले. पण हात हेडफोनकडे गेला नाही.

"हं, बोल," ते म्हणाले.

वृषालीनं आवाज उतरवला. कुठपर्यंत उतरवायचा हे तिला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांशी बोलायचा आवाज वेगळा होता, चार्वीशी बोलायचा वेगळा. या माणसाशी बोलायचा असा आवाज तिच्याकडे नव्हताच.

"काय बोलू?"

"आता हे मी सांगायचं व्हय? त्या नळवालीला काय सांगत होतीस ते सांग."

"ते तुम्हाला नाही कळायचं." ती पुन्हा थांबली. हातातली गादी फिरवत राहिली. जेवायची वेळ झाली नव्हती. गोळी घेऊन झाली होती. दार लावायचं नव्हतं. तिला खरंच काही सुचेना आणि गादीच्या शिवणीकडे बघत ती तिच्या मनात होतं तेच बोलून गेली. "मला कधीकधी या कामाचा फार कंटाळा येतो, अण्णा."

अण्णा पुढे वाकले. त्यांच्या कपाळावर आठी होती. आवाज टोचत होता हे दिसत होतं.

"कशाचा?"

"कंटाळा. गाद्या शिवायचा. दिवसभर तेच ते. लोक म्हणतात, हात काय सुरेख आहे तुमचा. आणि मला वाटतं, हे सगळं टाकून झोपावं."

अण्णांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"मला बी यायचा," ते म्हणाले. "मागाचा. दुपारी दोन वाजले की असा यायचा की वाटायचं, ह्या मागाला लाथ घालून निघून जावं कुठंतरी."

वृषाली बघतच राहिली. मागावर जीव असलेला माणूस, अशीच त्यांची ओळख गावात होती आणि घरातही.

"कधी बोलला नाहीत ते?"

"आता कंटाळा आला म्हणून ओरडून कोण सांगणार, पोरी?"

बाहेर शंकर हाका मारत होता. त्या अण्णांना स्वच्छ ऐकू येत होत्या. त्यांनी हेडफोनचा पट्टा डोक्यावर जरा मागे सरकवला, चष्म्याची काडी खाचेत नीट बसवली आणि स्टूल आणखी पुढे ओढलं.

"आणखी?" ते म्हणाले.